लाल त्रिकोणात न मावलेली माणसं

गावच्या भिंतीवरचा लाल त्रिकोण जुन्या लोकांना आठवत असेल. १९६८ साली सरकारने निरोध आणला, १५ पैशात तीन. किराणा दुकानात, पानठेल्यावर मिळू लागला. सांगणं एकच, लेकरं कमी होऊ द्या. जाहिरातीत कायम नवरा-बायको. पुरुषाशी संबंध ठेवणारा पुरुष त्या चित्रात कुठंच नव्हता. ज्याच्या बाबतीत मूल होण्याचा प्रश्नच नाही, त्याला निरोध आपल्या कामाचा कसा वाटणार?

१९८६ मध्ये मद्रासला देशात पहिल्यांदा एचआयव्हीची लागण आढळली. आता निरोध जीव वाचवणारी वस्तू झाला. पण या पुरुषांना सांगणार कोण? इंग्रजांच्या १८६० च्या कायद्यातलं कलम ३७७ त्यांना गुन्हेगारच ठरवत होतं.

हे काम शेवटी त्यांच्यातल्याच लोकांनी हाती घेतलं. अशोक राव कवी यांनी १९९० ला मुंबईत 'बॉम्बे दोस्त' काढलं, १९९४ ला हमसफर ट्रस्ट उभा राहिला. मुंबई महापालिकेने वाकोल्यातल्या आपल्या इमारतीत त्यांना जागाही दिली. पुढे पुण्यात बिंदुमाधव खिरे यांचा समपथिक ट्रस्ट, आपल्या नागपुरात सारथी ट्रस्ट.

दुसरीकडे काय चाललं होतं? १९९४ मध्ये तिहार तुरुंगात कैद्यांना निरोध द्यायला प्रशासनाने नकार दिला. २००१ मध्ये लखनौला एचआयव्हीचं काम करणाऱ्या कार्यकर्त्यांनाच पोलिसांनी कलम ३७७ लावून आत टाकलं. २००६ मध्ये तर कमालच झाली. दिल्ली उच्च न्यायालयात सरकारची एड्स नियंत्रण संघटना म्हणाली, या कलमाने आमचं काम अडतं. आणि गृह खातं म्हणालं, कलम राहू द्या. सरकार एकच, तोंडं दोन!

२००९ ला दिलासा मिळाला, २०१३ ला गेला. शेवटी ६ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांचे संमतीचे संबंध गुन्ह्यातून कायमचे काढले.

कायदा बदलला, पण दिघोरीसारख्या गावात 'लोक काय म्हणतील' हे कलम अजून लागूच आहे. ओळखीच्या दुकानात पोरगं निरोध मागत नाही, तपासणीला जात नाही. म्हणून सांगून ठेवतो. सरकारी केंद्रात एचआयव्हीची तपासणी आणि औषध दोन्ही फुकट आहे. २०१७ च्या कायद्याने नाव गुप्त ठेवणं बंधनकारक आहे. १०९७ वर फोनही फुकट लागतो.

पोरगं कोणाचंही असो, कसंही असो, जगलं पाहिजे. बस, एवढंच.