दोनदा टेकवा, पैसे वाचवा : लंडनचे ऑयस्टर कार्ड

लंडनच्या भुयारी रेल्वेच्या स्थानकात शिरणारा नवखा प्रवासी प्रथम थबकतो तो तिकीट खिडकीच्या शोधात. आजूबाजूचे प्रवासी मात्र एक निळे कार्ड पिवळ्या गोल रीडरवर टेकवून क्षणात फाटकापलीकडे निघून जातात. ते निळे कार्ड म्हणजे ‘ऑयस्टर’. आगाऊ भरलेल्या पैशांतून प्रवासभाडे वळते करून घेणारे हे कार्ड ‘ट्रान्सपोर्ट फॉर लंडन’ या शहर वाहतूक संस्थेने २००३ मध्ये सर्वसामान्य प्रवाशांसाठी आणले. १८६३ पासून धावणाऱ्या या शहराच्या भुयारी रेल्वेत कागदी तिकिटाची सद्दी त्यानंतर झपाट्याने ओसरली. मुलांच्या भेटीसाठी वा पर्यटनासाठी लंडनला जाणाऱ्या मराठी कुटुंबांनाही पहिल्याच दिवशी या कार्डाशी परिचय करून घ्यावा लागतो. वापर सोपा असला, तरी नियम ठाऊक नसल्यास हकनाक पैसे जातात.

भाड्याचे गणित

लंडनची विभागणी भाड्यासाठी १ ते ९ अशा वर्तुळाकार विभागांत, म्हणजे ‘झोन’मध्ये करण्यात आली आहे. मध्यवर्ती भाग झोन १ मध्ये, तर हीथ्रो विमानतळ झोन ६ मध्ये येतो. भुयारी रेल्वेचे भाडे किती व कोणत्या झोनमधून प्रवास झाला आणि तो कोणत्या वेळी झाला, यावर ठरते. सोमवार ते शुक्रवार सकाळी साडेसहा ते साडेनऊ आणि दुपारी चार ते सायंकाळी सात हा गर्दीचा काळ मानला जातो. या काळात भाडे साधारणतः अधिक असते.

प्रवाशाला कोठे जायचे आहे, हे कार्डाला ठाऊक नसते. त्यामुळे आत शिरताना कार्ड टेकवले की यंत्रणा एक अपूर्ण प्रवास नोंदवते. बाहेर पडताना कार्ड पुन्हा टेकवल्यावर तो प्रवास पूर्ण होतो व योग्य तेवढेच भाडे कापले जाते. बाहेर पडताना टेकवायचे राहिले, तर प्रवास कितीही छोटा असो, कमाल भाडे आकारले जाते. डॉकलँड्स लाइट रेल्वेच्या अनेक स्थानकांवर फाटकेच नाहीत. रीडर केवळ खांबावर बसविलेले असतात. अशा ठिकाणी बोलण्याच्या नादात ही चूक हमखास होते. भाडे चुकीचे कापले गेल्यास आठ आठवड्यांच्या आत परताव्यासाठी अर्ज करता येतो.

काही स्थानकांवर गाडी बदलताना गुलाबी रंगाचे रीडर दिसतात. मध्यवर्ती झोन १ टाळून वळसा घेऊन जाणाऱ्यांनी तेथे कार्ड टेकवावे. त्यामुळे प्रवासाचा खरा मार्ग नोंदला जाऊन कमी भाडे लागू शकते.

बसची रीत निराळी

बसमध्ये मात्र कार्ड फक्त चढतानाच टेकवायचे असते. अंतर कितीही असले, तरी भाडे एकच. २०२५ मध्ये ते १ पौंड ७५ पेन्स होते. २०१६ मध्ये सुरू झालेल्या ‘हॉपर’ सवलतीमुळे पहिल्यांदा कार्ड टेकवल्यापासून एका तासाच्या आत दुसरी बस किंवा ट्राम पकडल्यास पुन्हा भाडे पडत नाही. २०१८ पासून तासाभरात कितीही बस बदलण्याची मुभा मिळाली.

६ जुलै २०१४ पासून लंडनच्या बसमध्ये रोख पैसे स्वीकारणे बंद झाले. हा निर्णय घेताना रात्री-अपरात्री कोणी रस्त्यावर अडकू नये याचाही विचार झाला. कार्डात थोडीबहुत रक्कम असेल, पण ती भाड्याला अपुरी पडत असेल, तर बसचा आणखी एक प्रवास करू दिला जातो. ही तूट पुढील भरण्यातून वसूल होते.

खर्चाला मर्यादा

आगाऊ पैसे देणाऱ्या प्रवाशाला मिळणारा सर्वांत मोठा लाभ म्हणजे खर्चाची मर्यादा. २००५ पासून ऑयस्टरवर दिवसाची मर्यादा लागू आहे. पहाटे साडेचारपासून दुसऱ्या दिवशीच्या पहाटेपर्यंतचा काळ हा एक दिवस धरला जातो. ठरावीक रक्कम कापली गेली की त्याच झोनमधील पुढील प्रवासासाठी पैसे आकारले जात नाहीत. २०२१ पासून सोमवार ते रविवार अशी आठवड्याची मर्यादाही ऑयस्टरला मिळाली. प्रवास अपूर्ण राहिल्यास आकारलेले कमाल भाडे मात्र या मर्यादेत धरले जात नाही.

ऑयस्टर की बँकेचे कार्ड?

बँकेचे संपर्करहित कार्ड लंडनच्या बसमध्ये डिसेंबर २०१२ पासून आणि भुयारी रेल्वेत सप्टेंबर २०१४ पासून चालते. प्रौढांसाठी दोहोंचे भाडे सर्वसाधारणपणे सारखेच. तथापि भारतीय कार्डधारकांनी निघण्यापूर्वी परदेशातील आणि संपर्करहित व्यवहारांची सोय आपल्या बँकेकडून सुरू करून घ्यावी. रिझर्व्ह बँकेने २०२० मध्ये लागू केलेल्या नियमांनुसार ती आपोआप सुरू नसते. शिवाय परकीय चलनाचे शुल्कही पडू शकते. दुसरीकडे, ऑयस्टर घेताना कार्डाची किंमत मोजावी लागते आणि ती परत मिळत नाही. एलिझाबेथ मार्गावर वेस्ट ड्रेटनच्या पश्चिमेकडील स्लाउ, रेडिंग आदी स्थानकांवर बँकेचे कार्ड चालते, ऑयस्टर चालत नाही.

सुरक्षितता आणि खासगीपणा

२००८ मध्ये नेदरलँड्समधील नायमेगन येथील विद्यापीठाच्या संशोधकांनी या कार्डातील तत्कालीन चिपची सुरक्षा भेदता येते, हे दाखवून दिले. त्यानंतर अधिक सुरक्षित चिप असलेली कार्डे आली. नाव नोंदवलेले कार्ड हरवल्यास ते बंद करून शिल्लक वाचवता येते. मात्र नोंदणीमुळे प्रवासाचा तपशीलही त्या व्यक्तीशी काही काळ जोडलेला राहतो, याचे भान असावे.

हे ध्यानात ठेवा

* एका व्यक्तीला एक कार्ड. पती-पत्नींना एकाच कार्डावर एकत्र प्रवास करता येत नाही.
* दिवसभर एकच कार्ड वापरा. सकाळी कार्ड आणि दुपारी मोबाइल वापरल्यास दोन्ही खर्च वेगळे मोजले जातात व मर्यादेचा लाभ हुकतो.
* पाकिटात दोन कार्डे असतील, तर हवे ते बाहेर काढूनच टेकवा. अन्यथा भलत्याच कार्डातून पैसे जातील.
* अकरा वर्षांखालील मुलांना बसमध्ये भाडे नाही. भुयारी रेल्वेत भाडे भरणाऱ्या एका प्रौढासोबत अशी चार मुले विनामूल्य जाऊ शकतात. ११ ते १५ वयाच्या पाहुण्या मुलांच्या ऑयस्टरवर स्थानकातील कर्मचारी १४ दिवसांपर्यंतची सवलत नोंदवून देतात.
* शिलकीला मुदत नाही. परतताना ती परत मागता येते किंवा कार्ड पुढच्या खेपेसाठी जपून ठेवता येते.

अनवधानाने झालेली चूक आणि विनातिकीट प्रवास यांत फरक आहे. कार्ड न टेकवता प्रवास करताना पकडले गेल्यास मार्च २०२४ पासून १०० पौंड दंड आहे; तो २१ दिवसांत भरल्यास निम्मा होतो. रेल्वेत चढण्याआधी आणि उतरल्यावर कार्ड टेकवण्याची सवय लावून घेणे, हाच प्रवाशासाठी सर्वांत स्वस्त उपाय होय.