लालबागच्या खाणावळी

गिरणगावच्या इतिहासात संपांच्या तारखा सापडतात. कामगारांना जेवू घालणाऱ्या बायका क्वचितच. आमच्या चाळीत एकाच मजल्यावर कोकणी बाईंकडे भात नि सुकटीचे कालवण शिजे, घाटावरच्या बाईंकडे भाकरी-पिठले. गाळ्यांतले पुरुष आपल्या मुलखाची चव पाहून खाणावळ धरीत. पैसे मात्र पगार झाल्यावर. तोवर वाण्याची उधारी नि सावकाराचे व्याज बाईच्याच शिरावर! १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापिले आणि अशा बायकांना बँकेचे कर्ज मिळू लागले. पुढे १९८२ चा संप आला. जेवणारे गावी गेले. शेजारच्या काकूंची त्या वर्षाची वही मी पाहिली आहे. थकलेल्या प्रत्येक रकमेपुढे गावाचे नाव आहे, पण वसुलीला त्या कधी गेल्या नाहीत.