रुळांमधलं अंतर

तंजावरचं भोसल्यांचं राज्य 1855 मध्ये खालसा झालं आणि सहाच वर्षांत, 1861 साली, नागपट्टिणमहून तंजावरपर्यंत आगगाडी धावली. कुंभकोणम त्या वाटेवर नव्हतं. महामहमच्या यात्रेला लाखोंनी माणूस लोटणारं, रेशीम आणि पितळी भांड्यांचं एवढं गजबजलेलं गाव. पण तिथल्या माणसाला आपल्या गावात गाडी पाहायला 1877 उजाडावं लागलं. ग्रेट सदर्न ऑफ इंडिया ही परताव्याची सरकारी हमी मिळालेली लंडनची कंपनी. तिचा मार्ग बंदरातून निघून आत शिरला, तो व्यापाराच्या हिशेबाने. यात्रेकरूंचा विचार नंतर आला. म्हणून तिरुचिरापल्लीला 2014 मध्ये सुरू झालेलं रेल्वे संग्रहालय अवश्य पाहावं, पण कावेरीच्या खोऱ्यातल्या रेल्वेचा इतिहास तिथून वाचायला घेऊ नये. संग्रहालयात इंजिनं दिसतात. निर्णय दिसतात ते रुळांमधल्या अंतरात.

पहिले रूळ साडेपाच फुटी होते, म्हणजे 1676 मिलिमीटर. 1874 मध्ये कर्नाटिक रेल्वेशी विलीनीकरण होऊन साउथ इंडियन रेल्वे झाली आणि रुंद रूळ उखडून मीटर गेज टाकण्याचं काम सुरू झालं. दोन फुटांहून अधिक अंतर आवळलं गेलं. डबे नि इंजिनंही बदलावी लागली. कुंभकोणमची लाइन तर जन्मतःच मीटर गेज. 1992 च्या एकगेज धोरणानंतर तीही रुंद झाली. जुन्या लाइनवर शंभरेक वर्षांपूर्वी उखडलेली रुंदी परत आली. कुणी म्हणेल, मीटर गेज स्वस्त होतं म्हणूनच मद्रास ते तुतुकुडी एवढी लांब लाइन झाली, नाहीतर कुंभकोणम आणखी ताटकळलं असतं. हे मला मान्य आहे. पण त्या बचतीची किंमत कुणीतरी मोजलीच: मद्रास रेल्वेचे रुंद रूळ जिथे भेटत तिथे, ईरोडसारख्या जंक्शनवर, हमालांनी एका गाडीतला माल उतरवून दुसऱ्या गाडीत चढवला.

कंपनीच्या निर्णयांची किंमत नागपट्टिणमनेही मोजली. तिथला कारखाना तिरुचिरापल्लीजवळच्या पोन्मलैला हलवताना कामगारकपात आली, आणि जुलै 1928 मध्ये साउथ इंडियन रेल्वेवर संप झाला. तो मोडला गेला, कामगार पुढारी सिंगारवेलर तुरुंगात गेले. हे संग्रहालयात दिसत नाही, पण त्याचा दोष संग्रहालयाला देता येत नाही. जे उरलं तेच ते जपू शकतं. पोन्मलैचा कारखाना आजही चालू आहे, निलगिरीची वाफेची इंजिनं तिथेच दुरुस्त होतात. हा फेरफटका करायचा तर नागपट्टिणमहून निघावं, तिरुवारूरवरून तंजावर गाठावं, मग कुंभकोणम पाहून यावं आणि संग्रहालय शेवटी ठेवावं.