लूनर ऑर्बिटर छायाचित्र-फितींचे पुनरुद्धरण

अमेरिकेच्या ‘लूनर ऑर्बिटर’ या पाच अवकाशयानांनी १९६६-६७ मध्ये पाठविलेली चंद्राची छायाचित्रे मूळ चुंबकीय फितींवरून सु. चार दशकांनी पुन्हा मिळविण्याचे कार्य. अभिलेख टिकला तरी तो वाचणारे यंत्र नाहीसे झाल्यास अभिलेख निरुपयोगी ठरतो, याचे हे ठळक उदाहरण होय.

अपोलो मोहिमांसाठी अवतरणयोग्य जागा शोधणे, हा या यानांचा मुख्य उद्देश होता. छायाचित्रणाची फिल्म यानातच धुतली जाई. नंतर प्रकाशशलाकेने तिचे क्रमवीक्षण करून मिळालेला संकेत रेडिओ तरंगांद्वारे पृथ्वीकडे पाठविला जाई. गोल्डस्टोन (कॅलिफोर्निया), वूमेरा (ऑस्ट्रेलिया) व माद्रिद (स्पेन) येथील केंद्रांत तो सु. ५ सेंमी. रुंद चुंबकीय फितींवर नोंदविण्यात आला. तत्कालीन अभ्यासकांनी वापरलेल्या प्रती हाच संकेत ३५ मिमी. फिल्मवर उतरवून व तिच्या पट्ट्या जोडून बनविलेल्या होत्या. त्यांत छायाभेदांचा बराच तपशील लोपला; चुंबकीय फितींवर मात्र तो शाबूत राहिला.

सु. १,५०० फिती पुढे जेट प्रॉपल्शन प्रयोगशाळेत नॅन्सी एव्हान्स यांच्या देखरेखीखाली आल्या. त्यांसाठी लागणारी ‘ॲम्पेक्स एफआर-९००’ ही अवजड यंत्रे तोवर दुर्मिळ झाली होती. एव्हान्स यांनी अशी काही टाकाऊ यंत्रे मिळविली. परंतु निधीअभावी काम थांबले आणि यंत्रे त्यांच्या मोटारघरात पडून राहिली.

डेनिस विंगो व कीथ काउइंग यांच्या पुढाकाराने २००८ मध्ये हे काम नासाच्या एम्स संशोधन केंद्राच्या परिसरात, एका बंद पडलेल्या उपाहारगृहाच्या इमारतीत, सुरू झाले. एका यंत्राचे सुटे भाग दुसऱ्यास वापरावे लागले. झिजलेल्या वाचन-शीर्षांची दुरुस्ती करावी लागली, तर संकेतातून प्रतिमा वेगळी काढणारी मंडले पुन्हा तयार करावी लागली. २३ ऑगस्ट १९६६ रोजी पहिल्या यानाने चंद्राजवळून टिपलेली पृथ्वीची प्रतिमा नोव्हेंबर २००८ मध्ये प्रसिद्ध झाली. जुन्या प्रतींपेक्षा ती कितीतरी सुस्पष्ट होती.

अपोलो-११ च्या मूळ फितींबाबत मात्र असा प्रयत्न शक्य झाला नाही. चांद्रावतरणाच्या थेट चित्रणाचा मूळ संकेत ज्यांवर नोंदला होता, त्या फिती बहुधा टंचाईच्या काळात पुसून पुन्हा वापरल्या गेल्या, असा निष्कर्ष नासाने २००९ मध्ये जाहीर केला.