पत्त्यांचे दप्तर आणि त्याचा मुखत्यार : विंडोज यंत्रांवरील डीएचसीपी-व्यवस्थापनाचा विकास

१

संगणकांच्या जाळ्यात प्रत्येक यंत्राला पत्ता असावा लागतो आणि एकाच वेळी दोन यंत्रांना एकच पत्ता असून चालत नाही. हा नियम इतका साधा आहे की, त्याच्या पोटी काही इतिहास असेल असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. परंतु पत्ता कोणी द्यावा, दिलेल्या पत्त्याची नोंद कोणी ठेवावी आणि त्या नोंदीत फेरफार करण्याचा अधिकार कोणाकडे असावा, या तीन प्रश्नांची उत्तरे गेल्या अर्धशतकात अनेकदा बदलली आहेत. विंडोज यंत्रावर डीएचसीपी सर्व्हरच्या व्यवस्थापनासाठी जो एजंट, म्हणजे मुखत्यार, बसविला जातो, तो या बदलांच्या मालिकेतील अलीकडचा दुवा होय.

हा मुखत्यार बसविणे हे तंत्रज्ञाचे किरकोळ काम समजले जाते. वस्तुतः त्या कामात अधिकारदान आणि अभिलेखरक्षण हे कोणत्याही दप्तरखान्याचे दोन जुने प्रश्न दडलेले आहेत. पत्ता जसजसा तात्पुरता होत गेला, तसतसे त्याच्या नोंदीचे मोल वाढत गेले, हे प्रस्तुत निबंधात दाखवावयाचे आहे.

२

अमेरिकेतील अर्पानेट या जाळ्याच्या आरंभीच्या काळात क्रमांकांचे वाटप हे व्यक्तीच्या हातचे काम होते. मे १९७२ मध्ये जॉन पोस्टेल यांनी आरएफसी ३४९ या टिपणात सॉकेट-क्रमांक वाटून देणारा एक अधिकारी असावा असे सुचविले आणि ती जबाबदारी स्वतः पत्करण्याची तयारीही सूचित केली. यंत्रांची नावे व पत्ते यांची यादी स्टॅनफर्ड संशोधन संस्थेतील माहिती-केंद्रात एलिझाबेथ फाइनलर यांच्या देखरेखीखाली ठेवली जाई. नवे यंत्र जोडावयाचे झाल्यास केंद्राला कळवावे आणि सुधारलेली यादी उतरवून घ्यावी, असा शिरस्ता होता. यंत्रे मोजकी होती तोपर्यंत तो पुरेसा ठरला.

सप्टेंबर १९८१ मध्ये आरएफसी ७९१ प्रसिद्ध झाले आणि ३२ बिटांचा पत्ता रूढ झाला. अशा पत्त्यांची एकूण संख्या ४,२९,४९,६७,२९६ एवढी होते. १ जानेवारी १९८३ रोजी अर्पानेटने हीच पद्धत स्वीकारली. यानंतर पत्त्यांचे समूह संस्थांना मिळू लागले, परंतु संस्थेच्या आत कोणत्या यंत्राला कोणता पत्ता द्यावयाचा हे स्थानिक व्यवस्थापक आपल्या वहीत लिहून ठेवी आणि प्रत्येक यंत्राजवळ जाऊन तो पत्ता हाताने भरी. वहीत चूक झाली की दोन यंत्रे एकाच पत्त्यावर हक्क सांगत.

या पद्धतीला पहिला धक्का चकतीविरहित यंत्रांनी दिला. ज्या यंत्राला स्वतःची साठवण नाही, त्याला स्वतःचा पत्ताही लक्षात ठेवता येत नाही. तो त्याने चालू होताच कोणाला तरी विचारला पाहिजे. यासाठी जून १९८४ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातील चौघा संशोधकांनी आरएफसी ९०३ द्वारा ‘रार्प’ ही पद्धत मांडली. तिच्यात यंत्र आपल्या जाळे-कार्डाचा क्रमांक सांगे आणि सर्व्हर त्यावरून पत्ता कळवी. परंतु ही विचारणा एका भौतिक जाळ्याबाहेर जात नसे. त्यामुळे प्रत्येक जाळ्यावर स्वतंत्र सर्व्हर ठेवावा लागे, आणि उत्तरात पत्त्याखेरीज दुसरे काहीच मिळत नसे. सप्टेंबर १९८५ मध्ये स्टॅनफर्डचे बिल क्रॉफ्ट व सन मायक्रोसिस्टिम्सचे जॉन गिल्मोर यांनी आरएफसी ९५१ मध्ये ‘बूटपी’ची रूपरेषा दिली आणि हे दोन्ही दोष बऱ्याच अंशी दूर केले. विचारणा मधल्या यंत्रामार्फत दुसऱ्या जाळ्यावरील सर्व्हरपर्यंत पोहोचविता येऊ लागली. मात्र बूटपीचा तक्ता व्यवस्थापकालाच लिहावा लागे. वही यंत्रात गेली, पण ती लिहिणारा हात माणसाचाच राहिला.

३

ऑक्टोबर १९९३ मध्ये बकनेल विद्यापीठाचे राल्फ ड्रोम्स यांनी आरएफसी १५३१ मध्ये ‘डायनॅमिक होस्ट कॉन्फिगरेशन प्रोटोकॉल’, म्हणजे डीएचसीपी, मांडला. संपादनातील चुकांमुळे तो त्याच महिन्यात आरएफसी १५४१ म्हणून पुन्हा प्रसिद्ध करावा लागला. मार्च १९९७ मधील आरएफसी २१३१ हे त्याचे स्थिरावलेले रूप होय. बूटपीचा संदेश-साचा आणि मध्यस्थाची सोय त्याने कायम ठेवली. त्याने आणलेली मूलगामी कल्पना एकच होती, आणि ती म्हणजे भाडेपट्टा. पत्ता यंत्राच्या मालकीचा राहिला नाही, तो ठराविक मुदतीसाठी मिळू लागला. यंत्र शोध करते, सर्व्हर देऊ करतो, यंत्र मागणी करते आणि सर्व्हर मान्यता देतो, अशा चार संदेशांत व्यवहार पुरा होतो. मुदत निम्मी सरली की यंत्र नूतनीकरण मागते. नूतनीकरण न झाल्यास पत्ता अखेर दुसऱ्यास देण्यास मोकळा होतो.

या कल्पनेचे दोन परिणाम ध्यानात घेतले पाहिजेत. एक म्हणजे थोडे पत्ते अनेकांत फिरविता येऊ लागले. दुसरा परिणाम अधिक दूरगामी होता. पत्ता सांगितला म्हणजे यंत्र ओळखले, हे समीकरण मोडले. ‘अमुक पत्ता कोणाचा?’ या प्रश्नाला ‘केव्हा?’ असा प्रतिप्रश्न अपरिहार्य झाला, आणि त्याचे उत्तर केवळ सर्व्हरच्या नोंदीतच सापडू शकत होते.

आरएफसी २१३१ च्या कर्त्याने डीएचसीपी हे साधन आहे, धोरण नव्हे, अशी भूमिका घेतली होती. धोरण ठरविण्याचे काम स्थानिक व्यवस्थापकाकडे सोपविले गेले. सर्व्हरचा कारभार दुरून कसा पाहावा याचा सर्वमान्य नियम त्या लेखात नाही. प्रस्तुत रूपात ही पद्धत पुरेशी सुरक्षित नाही, अशी कबुलीही त्यात आहे. ही मोकळी राहिलेली जागा पुढे निरनिराळ्या निर्मात्यांनी आपापल्या परीने भरली.

४

मायक्रोसॉफ्टने सप्टेंबर १९९४ मधील विंडोज एनटी ३.५ या आवृत्तीत डीएचसीपी सर्व्हरचा अंतर्भाव केला. ऑगस्ट १९९५ मध्ये आलेल्या विंडोज ९५ मध्ये पत्ता मागणारी बाजू तयारच होती. यामुळे विद्यापीठे व कार्यालये यांतील सामान्य यंत्रांवर ही पद्धत झपाट्याने पसरली. सर्व्हर बसविणे सोपे झाले, आणि याच सोपेपणातून नवी अडचण उद्भवली. कोणीही आपल्या यंत्रावर सर्व्हर चालू करून शेजाऱ्यांच्या यंत्रांना चुकीचे पत्ते वाटू शके.

फेब्रुवारी २००० मधील विंडोज २००० ने यावर अधिकृततेचा उपाय योजला. सक्रिय निर्देशिकेत ज्याचे नाव मान्य झाले आहे, असाच सर्व्हर पत्ते वाटील, असा हा दंडक होता. परंतु तो विंडोजच्या सर्व्हरांनाच लागू होता. अन्य प्रणालीवरील अनधिकृत सर्व्हरला त्याने आळा बसत नसे. नोंद वाचण्यापुरते अधिकार असलेला ‘डीएचसीपी युजर्स’ आणि फेरफाराचे अधिकार असलेला ‘डीएचसीपी ॲडमिनिस्ट्रेटर्स’ असे दोन गटही या व्यवस्थेत आढळतात. वाचणारा आणि लिहिणारा यांतील हा भेद पुढील विवेचनात महत्त्वाचा आहे.

विंडोजमधील नोंदींचे स्वरूप येथेच पाहणे उचित ठरेल. चालू भाडेपट्टे एका कोषात असतात. मुदत संपलेली नोंद काही काळाने त्यातून पुसली जाते. दैनंदिन घडामोडींची नोंद वेगळ्या धारिकांत होते, परंतु त्या धारिकांना वारांची नावे असतात. पुढच्या सोमवारी मागच्या सोमवारची धारिका पुसून तीवर नवी लिहिली जाते. म्हणजे मूळ व्यवस्थेची स्मृती जेमतेम एका आठवड्याची आहे. अभिलेखागाराचे भान असलेल्या अभ्यासकाला या गोष्टीचे गांभीर्य वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही.

५

मोठ्या संस्थांत एका सर्व्हरच्या जागी अनेक सर्व्हर आले. काही विंडोजवर, तर काही युनिक्स वंशातील प्रणालींवर चालत. प्रत्येकाची नोंद निराळी आणि ती वाचण्याचे साधनही निराळे होते. या सर्वांचे एकच केंद्रीय दप्तर असावे, या गरजेतून पत्ता-व्यवस्थापनाच्या प्रणाली निर्माण झाल्या. केंद्राने दूरच्या सर्व्हरपर्यंत पोहोचावे कसे, याविषयी दोन मार्ग प्रचलित झाले.

पहिल्या मार्गात मुखत्यार नसतो. केंद्र थेट विंडोजच्या दूरस्थ आज्ञा-पद्धतीने सर्व्हरशी बोलते. सप्टेंबर २०१२ मध्ये आलेल्या विंडोज सर्व्हर २०१२ मधील ‘आयपॅम’ याच प्रकारचे आहे. समूह-धोरणांच्या द्वारा ते सर्व्हरांवर आवश्यक परवानग्या पोहोचविते. ते डोमेनच्या नियंत्रक यंत्रावर बसविता येत नाही, म्हणजे सत्ताधारी आणि दप्तरदार एकाच आसनावर बसत नाहीत. या मार्गाची उणीव अशी की, दूरस्थ आज्ञांसाठी १३५ क्रमांकाच्या दाराबरोबरच ४९१५२ ते ६५५३५ या विस्तृत श्रेणीतील दारेही अग्निभिंतीत मोकळी ठेवावी लागतात.

दुसऱ्या मार्गात विंडोज यंत्रावरच एक छोटी सेवा बसविली जाते. हाच मुखत्यार. त्याच्या स्थापनेचे टप्पे थोडक्यात असे. प्रथम स्थानिक प्रशासकाच्या अधिकाराने स्थापना-प्रणाली चालविली जाते आणि यंत्र सुरू होताच आपोआप चालू होणारी सेवा म्हणून मुखत्याराची नोंद होते. नंतर ती सेवा कोणत्या खात्याने चालावी हे ठरविले जाते. ते खाते यंत्राचे अंगभूत असू शकते किंवा डोमेनमधील स्वतंत्र सेवा-खाते असू शकते. त्या खात्यास वर सांगितलेल्या दोन गटांपैकी योग्य गटाचे सदस्यत्व दिले जाते. पुढे केंद्राशी बोलण्यासाठी अग्निभिंतीत नेमके दार उघडले जाते. अखेरीस केंद्रात सर्व्हरचे नाव दाखल करून त्याच्या पत्ता-श्रेणी व भाडेपट्टे वाचले जातात की नाही याची खातरजमा करतात. सर्व्हरशी मुखत्यार त्याच यंत्रावर बोलतो आणि केंद्राशी एका ठरलेल्या दाराने बोलतो. म्हणून उघडावी लागणारी वाट अरुंद राहते, हे या मार्गाचे बळ होय.

या सर्व टप्प्यांत निर्णायक टप्पा खात्याचा आहे. वाचनाचे अधिकार पुरेसे असताना घाईने ‘ॲडमिनिस्ट्रेटर्स’ गटाचे सदस्यत्व देण्याचा मोह स्वाभाविक आहे, कारण त्यामुळे कोणतीच अडचण उरत नाही. त्याची किंमत काय असू शकते, हे २०२४ मध्ये अकामाई या कंपनीच्या संशोधकांनी दाखवून दिले. डीएचसीपी सर्व्हर डोमेनच्या नियंत्रक यंत्रावरच चालत असल्यास, ‘डीएचसीपी ॲडमिनिस्ट्रेटर्स’ गटातील सदस्याला त्या सदस्यत्वाच्या बळावर संपूर्ण डोमेनचा ताबा मिळविता येऊ शकतो, असा त्यांच्या प्रतिपादनाचा सारांश आहे. पत्त्यांची वही सांभाळण्यासाठी नेमलेल्या कारकुनाच्या हाती वाड्याच्या किल्ल्या जाव्यात, तसा हा प्रकार झाला.

६

वरील इतिहासावरून एक सूत्र स्पष्ट होते. पोस्टेल यांच्या काळी पत्ता स्थिर आणि नोंद ठेवणारा माणूस ज्ञात होता. बूटपीने वही यंत्रात नेली, डीएचसीपीने ती लिहिणारा हात यंत्राचा केला, आणि केंद्रीय व्यवस्थापनाने ती वही दुरून वाचण्याची व लिहिण्याची सोय केली. प्रत्येक पायरीवर माणसाचे श्रम कमी झाले, पण विश्वास कोणावर ठेवावयाचा हा प्रश्न मिटला नाही, तो केवळ एकेक पायरी दूर सरकला.

यास्तव मुखत्याराची मांडणी करताना दोन गोष्टी ठरविल्यावाचून ते काम पूर्ण झाले असे म्हणता येणार नाही. त्याचे काम केवळ वाचण्याचे असेल तर त्यास लिहिण्याचा अधिकार देऊ नये, आणि नियंत्रक यंत्रावर डीएचसीपी सर्व्हर शक्यतो ठेवूच नये. ही पहिली गोष्ट. दुसरी गोष्ट अशी की, त्याने वाचलेली नोंद केंद्रात किती काळ राहील हे आधी निश्चित असावे. विंडोज सर्व्हर २०१२ मधील आयपॅमची आखणी भाडेपट्टे व वापरकर्त्यांच्या प्रवेशनोंदी तीन वर्षे साठविण्याच्या हिशेबाने केली गेली होती. इतक्या दीर्घ नोंदीतून कोण केव्हा कोठे होता हेही उघड होते. त्यामुळे ती कोणी पाहावी याचा निर्णय मुदतीच्या निर्णयाबरोबरच झाला पाहिजे.

एखाद्या चौकशीत महिन्यापूर्वीचा पत्ता पुढे येतो, तेव्हा वारांच्या धारिका केव्हाच पुसल्या गेलेल्या असतात. त्या वेळी कोणा निरपराध व्यक्तीवर ठपका येतो की टळतो, हे मुखत्याराने जपलेल्या एका ओळीवर अवलंबून राहते. ती ओळ जपली जाईल की नाही, याचा निर्णय मात्र त्या मुखत्याराच्या स्थापनेच्या दिवशीच झालेला असतो.