समान वेगाचे गृहीत

भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त (११५०) मोर आणि साप यांचे एक उदाहरण आहे. ९ हात उंच खांबावर मोर बसला आहे. खांबाच्या तळाशी असलेल्या बिळाकडे २७ हातांवरून साप येत आहे. मोराने त्याच्यावर तिरकस झेप घेतली, तर दोघांची गाठ बिळापासून किती हातांवर पडेल? उत्तर १२ हात. तोवर दोघांनीही १५-१५ हात अंतर कापलेले असते. दोघांची गती समान मानली आहे, म्हणूनच हे उदाहरण सुटते.

पुढे मोराची जागा आगगाडीने घेतली. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली. १८६७ मध्ये कानपूरहून लोहमार्ग लखनौला पोहोचला. शालेय अंकगणितात काळ, काम आणि वेग या प्रकरणात गाडी कायमची स्थिरावली. मात्र पुस्तकातील ही गाडी सुटताक्षणीच पूर्ण वेग धरते, वाटेत थांबत नाही आणि तिला ब्रेकही लावावा लागत नाही.

पुस्तकाने वगळलेल्या या गोष्टींचा हिशेब लखनौत मांडला गेला. रेल्वेची संशोधन, अभिकल्प आणि मानक संघटना तेथे १९५७ मध्ये स्थापन झाली. साठच्या दशकात प्रवासी गाड्यांचा वेग ताशी १२० किलोमीटरपर्यंत नेण्याचा अभ्यास तिने हाती घेतला. वेग १०० वरून १२० केला, तर तो एक-पंचमांशाने वाढतो. ब्रेकचा जोर तोच राहिल्यास थांबण्यास लागणारे अंतर मात्र वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात, म्हणजे ४४ टक्क्यांनी वाढते. सिग्नल तितक्या आधी दिसला नाही, तर गाडी तो ओलांडून जाईल. येथे चुकलेल्या उत्तराची किंमत गुणांत मोजता येत नाही.

मार्च १९६९ मध्ये नवी दिल्ली-हावडा राजधानी एक्स्प्रेस सुरू झाली. तिचा कमाल वेग ताशी १२० किलोमीटर होता. सुमारे १,४४५ किलोमीटरचे अंतर ती १७ तास २० मिनिटांत कापत असे. भागाकार करून पाहिला, तर सरासरी वेग ताशी ८३ किलोमीटरच भरतो. थांबे, वळणे आणि वेग धरण्या-सोडण्यात गेलेला वेळ या दोन आकड्यांच्या मध्ये दडलेला आहे.

वर्गातील फळ्यावरचे सूत्र आणि लखनौतील अभियंत्यांचे सूत्र मुळात एकच. उदाहरणातील वेग समान आहे, कमाल आहे की सरासरी, हे ज्या विद्यार्थ्याने आधी विचारले, त्याचे निम्मे उदाहरण तेथेच सुटले.