'ऑफलाइन' प्रिंटरचा हरवलेला पत्ता

मुंबई, प्रतिनिधी

परीक्षेचे प्रवेशपत्र सकाळी हवे, रात्रीचे अकरा वाजलेले, कोपऱ्यावरचे झेरॉक्सचे दुकान बंद आणि संगणकाच्या पडद्यावर 'प्रिंटर ऑफलाइन' अशी सूचना. प्रिंटर मात्र शेजारीच दिवा लावून बसलेला! सांताक्रूझमधील वाकोला किंवा प्रभात कॉलनीतील घरांत वायरलेस प्रिंटरची आता नवलाई उरलेली नाही, तशीच या मनस्तापाचीही. अशा वेळी अनेक जण प्रिंटर बिघडला असे समजून तंत्रज्ञाला बोलावतात. प्रत्यक्षात बरेचदा प्रिंटर ठणठणीत असतो. संगणक त्याला चुकीच्या पत्त्यावर शोधत असतो.

घरातील राउटर प्रत्येक यंत्राला एक आकडी पत्ता, म्हणजे आयपी अ‍ॅड्रेस, देतो. हा पत्ता ठरावीक मुदतीपुरता असतो. १९९३ मध्ये प्रमाणित झालेल्या 'डीएचसीपी' या पद्धतीत त्याला 'लीज' असेच म्हणतात. वीज गेली, राउटर पुन्हा सुरू झाला, की १९२.१६८.१.५ वर राहणारा प्रिंटर १९२.१६८.१.९ वर जाऊ शकतो. संगणक मात्र जुनेच दार ठोठावत राहतो. नाव एकीकडे आणि पत्ता दुसरीकडे, हा प्रकार सांताक्रूझकरांना तसा परिचयाचाच! ज्याच्या नावात सांताक्रूझ आहे ते सीप्झ १९७३ पासून अंधेरीत आहे.

म्हणून प्रथम प्रिंटरच्या मेन्यूतून नेटवर्कची माहिती देणारे पान छापावे आणि त्यावरील आयपी अ‍ॅड्रेस संगणकाच्या ब्राउझरमध्ये टाकावा. प्रिंटरचे स्वतःचे पान उघडले, तर दोष संगणकातील नोंदीत आहे. विंडोजमध्ये प्रिंटरच्या 'प्रॉपर्टीज'मधील 'पोर्ट्स' या विभागात जाऊन नव्या पत्त्याचे 'स्टँडर्ड टीसीपी-आयपी पोर्ट' जोडावे. तेथेच पोर्टच्या रचनेत 'एसएनएमपी स्टेटस इनेबल्ड' या चौकटीत खूण असेल तर ती काढून पाहावी. चालू प्रिंटरलाही ऑफलाइन ठरवण्याचे काम ही खूण अनेकदा करते. छपाईची रांग अडकली असेल, तर 'सर्व्हिसेस'मधून 'प्रिंट स्पूलर' पुन्हा सुरू करावा.

हा झाला तात्पुरता इलाज. कायमचा उपाय राउटरमध्ये आहे. त्याच्या डीएचसीपीच्या पानावर 'अ‍ॅड्रेस रिझर्व्हेशन' ही सोय बहुधा असते. प्रिंटरचा मॅक अ‍ॅड्रेस तेथे नोंदवला, की राउटर त्याला नेहमी तोच पत्ता देतो. राउटर इंटरनेट पुरवठादाराने बसवला असेल आणि पासवर्ड त्याच्याकडेच असेल, तर हे काम त्याच्याकडून करून घ्यावे. पुरवठादाराने पुढे राउटर बदलल्यास ही नोंद पुन्हा करावी लागते, हे बहुतेकांच्या लक्षात येत नाही.

ब्राउझरमध्ये पान उघडलेच नाही, तर प्रश्न जोडणीचा. वाय-फायचा पासवर्ड बदलल्यावर मोबाइलमध्ये नवा टाकला जातो, प्रिंटर मात्र विसरला जातो. घरगुती प्रिंटरपैकी अनेकांना केवळ २.४ गिगाहर्ट्झची लहर पकडता येते. भारतात २००५ मध्ये परवानामुक्त झालेल्या या पट्ट्यात एकमेकांना न छेदणारी वाहिनी तीनच, १, ६ आणि ११. भिंतीला भिंत लागून असलेल्या इमारतीत शेजाऱ्यांचे राउटरही त्याच तिघींवर गर्दी करतात. राउटरची वाहिनी बदलून किंवा प्रिंटर लोखंडी कपाटाआडून हलवून फरक पडतो. लॅपटॉप पाहुण्यांसाठीच्या 'गेस्ट' नेटवर्कवर असेल, तर त्याला प्रिंटर सहसा दिसतच नाही. घरून काम करणाऱ्यांच्या कार्यालयीन 'व्हीपीएन'चेही तेच. छपाईपुरते ते बंद करून पाहावे, अर्थात कार्यालयाची परवानगी असेल तर.

आणि प्रवेशपत्र आत्ताच हवे असेल, तर बहुतेक वायरलेस प्रिंटरच्या मागे यूएसबी केबलची खाच असते.